बोललेले कोंबडे

आमच्या घरी सात कोंबडे आहेत आणि रविवारी आम्ही मोखाड्याहून ब्रॉयलर आणून खातो. हे शहरातल्या पाहुण्यांना सांगितलं की ते हसतात. आमच्या गावी, पोशेऱ्यात, सांगितलं तर कुणी हसत नाही. "सातच?" असं मात्र एखादा विचारतो, आणि त्या विचारण्यात आमच्या घरच्या परिस्थितीविषयी खरीखुरी काळजी असते.

कोंबड्या नऊ आहेत. म्हणजे दर कोंबड्यामागे सव्वा कोंबडी आणि वर थोडी पिसं. राज्याच्या पशुसंवर्धन खात्याची तलंगा गट वाटपाची एक योजना आहे. तीत आठ-दहा आठवड्यांच्या 25 तलंगा आणि सोबत 3 नर निम्म्या अनुदानावर देतात. हा आकडा ज्याने कागदावर उतरवला त्याला कोंबड्यांचा संसार ठाऊक असणार, कारण आठ-दहा माद्यांना एक नर पुरतो यावर सगळ्या पाळणाऱ्यांचं एकमत आहे. हाच हिशेब आमच्या अंगणाला लावला तर एक कोंबडा मंजूर पदावर बसतो आणि सहा अतिरिक्त ठरतात. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक आहे. 'अतिरिक्त' हा शब्द आमच्या घरात मोठ्याने उच्चारायची पद्धत नाही. पटसंख्या घसरली की शिक्षक अतिरिक्त ठरतो आणि त्याचं दुसऱ्या शाळेत समायोजन होतं. कोंबड्याचं समायोजन पातेल्यात व्हायला हवं. ते आमच्याकडे होत नाही.

एवढे कोंबडे येतात कुठून? खुडूक कोंबडीखाली बारा-तेरा अंडी ठेवावीत, एकविसाव्या दिवशी नऊ-दहा पिलं बाहेर पडावीत, आणि त्यातली निम्मी पुढे नर निघावीत, असा निसर्गाचा सरळ व्यवहार आहे. माणसात मुलगा की मुलगी हे बापाकडून ठरतं आणि बोल आईला लागतो. पक्ष्यांत ते खरोखर आईकडून ठरतं, पण कोंबडीला आजवर कुणी एक शब्द बोललेलं नाही.

शेजारच्या आजीचं म्हणणं असं की हा सगळा दोष अंडी निवडणाऱ्याचा. लांबुडक्या अंड्यातून नर निघतो, वाटोळ्या अंड्यातून मादी, एवढं साधं मास्तराला कळत नाही. या विषयावरचा वाद फार जुना आहे. ॲरिस्टॉटलने नेमकं उलट लिहून ठेवलंय: लांब टोकदार अंडं मादीचं, वाटोळं नराचं. त्यानंतर चारेकशे वर्षांनी रोममध्ये प्लिनी झाला, तो मात्र आजीच्या पक्षाचा. मी हे आजीला सांगितलं. प्लिनीचं तिने काही मनावर घेतलं नाही, ॲरिस्टॉटलविषयी एवढंच विचारलं, "त्याच्या घरी कोंबडी बसायची का अंड्यावर?" मग तिने स्वतः येऊन, एकेक अंडं तळहातावर फिरवून, वाटोळी तेवढी निवडली आणि कोंबडीखाली सारली. निम्मे नर निघाले. आजीने निकाल दिला: निवड बरोबर होती, कोंबडीने अंडी उलटीपालटी केली.

मोठ्या हॅचरीत ही अडचण येत नाही. पिलाचं बूड दाबून पहिल्याच दिवशी नर-मादी ओळखायची विद्या जपान्यांनी शंभरेक वर्षांपूर्वी शोधली आणि तेव्हापासून अंड्यांच्या धंद्यातल्या नर पिलांचा पहिला दिवस शेवटचा ठरत आला. जर्मनीने 2022 पासून त्याला कायद्याने बंदी केली. आमच्याकडे ती विद्या कुणाला येत नाही, त्यामुळे पिलू नर आहे हे कळेपर्यंत दोन-अडीच महिने गेलेले असतात आणि तोवर ते घरातलं झालेलं असतं. आधी तुरा लालसर दिसायला लागतो. आमची ही म्हणते, "तलंगच आहे, जरा रंगाने लाल आहे." मग शेपटीला वळण येतं. "शेपूट बापावर गेलीय." मग एका सकाळी ते तलंग कुडावर चढतं, मान ताणतं, आणि पाणी आटलेला हापसा मारल्यावर येतो तसला आवाज काढतं. त्या दिवशी घरात कुणी कुणाशी फारसं बोलत नाही.

आवाज फुटला की त्याला रांगेत जागा मिळते. म्हातारीने कोंबडं झाकलं म्हणून उजाडायचं राहत नाही, असं आपण म्हणतो; ती म्हातारी नशीबवान, तिला एकच झाकायचं होतं. आमच्याकडे एवढी डालगी नाहीत. जपानमधल्या नागोया विद्यापीठाच्या संशोधकांनी 2013 साली असं दाखवलं की कोंबडा उजेड पाहून आरवत नाही. त्याच्या आत घड्याळ असतं. दिवसरात्र एकसारख्या मंद उजेडात ठेवला तरी तो आपल्या वेळेला बांग देतो. पुढे 2015 साली त्यांनीच आणखी एक गोष्ट शोधली: एकत्र राहणाऱ्या कोंबड्यांत पहिली बांग सगळ्यात वरच्या मानाच्या कोंबड्याची, त्याच्यामागून दुसऱ्याची, मग तिसऱ्याची, अशी उतरत्या भाजणीने. वरच्याला उचलून नेलं तर दुसरा पुढाकार घेतो. हे वाचून मला हायसं वाटलं आणि वाईटही. हायसं अशासाठी, की आमच्या अंगणात पहाटे चारला जे सुरू होतं तो गोंधळ नसून शिस्त आहे. वाईट अशासाठी, की सगळ्यात मोठ्या आवाजाचा कोंबडा विकून झोप मिळवण्याचा माझा बेत शास्त्राने मोडीत काढला. ती जागा रिकामी राहतच नाही. पदोन्नती लगेच होते, आणि तीही आदेश न निघता.

सातांची बांग एकदा पार पडली की पलीकडच्या घरच्या पाचांची सुरू होते, मग नाल्यापलीकडच्या पाड्याची. बोहाड्याच्या दिवसांत तर विचारू नये. रात्रभर संबळ-पिपाणी चाललेली, देव आणि राक्षस मुखवटे घालून मशालींच्या उजेडात नाचतायत, आणि आतलं घड्याळ पार बिघडल्यामुळे कोंबडे बारा वाजल्यापासून दर सोंगाला सलामी देतायत. फ्रान्समध्ये ओलेरों नावाच्या बेटावर मॉरिस नावाचा एक कोंबडा पहाटे आरवतो म्हणून सुट्टीपुरत्या येणाऱ्या शेजाऱ्यांनी त्याच्या मालकिणीला कोर्टात खेचलं होतं. 2019 साली मॉरिसच्या बाजूने निकाल लागला आणि 2021 मध्ये तिथे खेड्यातले आवाज आणि वास यांना संरक्षण देणारा कायदाही झाला. पोशेऱ्यात असा खटला उभाच राहू शकत नाही. वादी, प्रतिवादी, साक्षीदार आणि समन्स बजावायला आलेला माणूस, चौघांच्याही घरी कोंबडे असणार.

खरे हाल कोंबड्यांचे. (बायकांचे म्हणतोय मी.) सात जण मागे लागल्यावर नऊ जणींनी करायचं काय? पाठीवरची पिसं गळालेली, मानेवर टक्कल. सगळ्यात लाडकी जी, तिची पाठ सगळ्यात उघडी. कोंबड्यांच्या टोचण्याच्या उतरंडीचा पहिला नीट अभ्यास एका नॉर्वेजियन माणसाने 1921 च्या सुमारास मांडला. आमच्या नऊ जणींनी त्यात स्वतःची भर घातलीय. त्या उतरंड मोडून सरळ शेजारी जातात. आजीच्या माळ्यावर, जिथे नागलीच्या काडाची गंजी आहे, तिथे जाऊन अंडी घालतात. आजी ती अंडी गोळा करते. मी एकदा आडवळणाने विषय काढला तेव्हा म्हणाली, "माझ्या घरी येऊन घातलं ते माझं. तुझे कोंबडे तिला बसू देत नाय तर मी काय करू?" या युक्तिवादाला उत्तर नाही. गावठी कोंबडी वर्षाला अंडी देते पन्नास-साठ. त्यातली माहेरी किती आणि सासरी किती, हे लिहून ठेवायला कुणी बसलेलं नाही.

कोंबड्यांचं म्हणाल तर ते आपापल्या परीने प्रेमळ आहेत. दाणा सापडला की स्वतः न खाता तो चोचीत उचलून टाकायचा, पुन्हा उचलायचा, आणि हळू आवाजात 'कुक्-कुक्' करून माद्यांना बोलवायचं, ही कोंबड्याची जुनी रीत. पण स्पर्धा वाढली की सभ्यता पातळ होते. आमचे दोघे-तिघे दाणा नसतानाही बोलावतात. कोंबडी धावत येते, खाली बघते, तिथे खडा असतो. दोन-तीनदा फसल्यावर ती खरा दाणा असला तरी येत नाही. निवडणुकीच्या दिवसांत हे दृश्य बघायला मला विशेष आवडतं.

आता मूळ प्रश्न. सात आहेत, तर एखादा का नाही कापत?

कारण त्यातला एकही आमचा नाही. पाळतो आम्ही, दाणा-कणी आम्ही घालतो, पहाटे आम्ही उठतो; पण प्रत्येकाच्या नावापुढे कुणाचं तरी नाव आधीच लागलेलं आहे.

तांबडा गावदेवाचा. माझी बदली लांब होऊ नये म्हणून आईने बोललेला. बदली झाली नाही, म्हणजे देवाने आपलं काम केलं. पण बदल्यांचं धोरण दरवर्षी पालटतं, यादी येते, रद्द होते, पुन्हा येते. मग काम झालं असं धरायचं केव्हा? आई म्हणते, देव घाई करत नाही, आपण कशाला करायची. तांबडा त्यामुळे तिसऱ्या वर्षात आहे, त्याच्या पायामागचे काटे बोटाएवढे झालेत, आणि पहिली बांग त्याचीच असते. माझ्या नोकरीला त्याच्याइतकं स्थैर्य कधीच लाभलेलं नाही.

काळा भगताने सांगितलेला. मुलीला ताप होता, उतरेना. एकीकडे आरोग्य केंद्रातल्या गोळ्या सुरू होत्या, दुसरीकडे भगताने तांदळाचे दाणे बघून काळा कोंबडा सांगितला. ताप उतरला. कशाने उतरला यावर घरात दोन मतं आहेत. ही म्हणते गोळ्यांनी, आई म्हणते बोलण्याने, आणि दोघींपैकी एकीची बाजू घ्यायची माझी हिंमत नाही. निर्णय होईपर्यंत काळा अंगणात फिरतोय. त्याला बहुधा कळलंय, कारण तो या दोघींपैकी कुणाच्याही वाटेला जात नाही. दिवसभर माझ्यामागे असतो.

तिसरा वाघोबाचा. शहरात ज्या दिवशी वसुबारस असते त्या दिवशी आमच्याकडे वाघबारस. गुराख्यांनी रानात गुरं राखली, वाघाने त्यांना सांभाळलं, म्हणून शिवेवरच्या वाघोबाचा मान. वर्गणी सगळ्या पाड्याची असते, कोंबडा पाळीपाळीने एकेका घरचा. यंदा पाळी आमची. वाघ आता या बाजूला कुणाला दिसत नाही, पण पाळी चुकवून चालत नाही.

चौथा आवणीचा. भात-नागलीची रोपं लावायला माणसं एकमेकांच्या शेतावर जातात. आज आमच्याकडे, उद्या त्यांच्याकडे. चिखलात दिवसभर वाकलेल्या माणसाला संध्याकाळी डाळ वाढली तर तो काही बोलत नाही, पण पुढच्या वर्षी त्याला आपल्या आवणीच्या दिवशी नेमका ताप येतो.

पाचवा मामांचा. आईचा भाऊ जव्हारला असतो. "बोहाड्याला येतो, कोंबडा ठेव," असा त्याचा निरोप येऊन बराच काळ लोटला. बोहाडा झाला, दुसरा झाला. मामा येत नाहीत आणि कोंबडा सोडवत नाही. मी कापायचं नुसतं म्हटलं तर आई म्हणते, "आणि उद्या आला म्हंजे? त्याला काय तुझी पुस्तकं वाढू?"

सहावा उसना. यात मला थोडं खोलात जावं लागेल, कारण उसन्या कोंबड्याच्या व्यवहारात जेवढ्या अडचणी आहेत तेवढ्या सहकारी बँकेतही नसतील. मागे आमच्याकडे अचानक पाहुणे आले तेव्हा पलीकडच्या घरून कोंबडा आणला होता, तांबूस, मध्यम. परत करायचा म्हणून आम्ही एक पांढरा, अंगाने चांगला भरलेला, नेऊन दिला. त्यांनी घेतला नाही. वजन जास्त आहे हे त्यांनी मान्य केलं; पण त्यांचा होता तांबूस, आणि तो त्यांनी बोललेला होता. म्हणजे आम्ही पाहुण्यांना नकळत देवाचा कोंबडा वाढला होता. आता देवाला पांढरा चालेल का? भगताला विचारलं. भगत म्हणाला, चालेल, पण मग पुढच्या खेपेला तांबडाही लागेल. शेवटी असं ठरलं की तांबूस पिलू निघेपर्यंत पांढरा आमच्याकडेच त्यांच्या नावाने राहील. तो त्यांचा, दाणा आमचा. त्याने केलेली पिलं कुणाची, हा प्रश्न मी अजून उपस्थित केलेला नाही.

एकदा मामांच्या नावाच्या आधीच्या कोंबड्याला मुंगसाने नेलं. तेव्हा माझ्या मनात आलं, देवाच्या नावाचा कोंबडा असा गेला तर काय धरतात? फिटलं असं समजायचं? भगताने एका वाक्यात निकाल दिला. "देव मुंगसाच्या हातून घेत नाय."

राहिला सातवा. तो गिरिराज. बंगळूरच्या कृषी विद्यापीठाने काढलेली जात. मी हौसेने पिलू आणलं होतं. अंगाने दांडगा, चालीने संथ. बाकीच्या सहांपैकी कुठलाही गावठी, याच्या निम्म्या वजनाचा, त्याला अंगणभर पळवतो. संध्याकाळी सगळे टुणकन माळ्यावर चढतात, हा खाली उभा राहून वर बघत बसतो आणि मग त्याला दोन हातांनी उचलून ठेवावं लागतं. देवाला सरकारी कोंबडा चालत नाही, गावठीच लागतो. मामांना त्याचं मटण मऊ लागतं. आवणीची माणसं म्हणतात याच्या रश्श्याला चव नाही. म्हणजे तो एकटा मोकळा. माझ्या सगळ्या आशा त्याच्यावर होत्या. पण हिने परस्पर ठरवलंय की त्याला ठेवायचं, पिलं अंगाने भरतील. त्याच्या आडदांड देहावर पुढच्या पिढीची जबाबदारी टाकण्यात आली आहे. तो ती पार पाडायला निघाला की बाकीचे सहा जण एकत्र येतात, एरवी कधी न येणारे.

म्हणून रविवारी ब्रॉयलर. पाच-सहा आठवड्यांचा, ज्याच्याविषयी कुणाशी काही बोलणं झालेलं नाही, ज्याला मामा नाही, पाळी नाही, रंगसुद्धा बघायचा नाही.

दिवाळीनंतर सात हा आकडाही राहत नाही. पाड्यातली निम्मी घरं वीटभट्टीवर जातात, भिवंडीकडे, वसईकडे. भांडी-कुंडी, पोरं, आणि टोपलीत कोंबडी, असं सगळं ट्रकमध्ये चढतं. कोंबडी अंडं देते, ती जाते. कोंबडा मागे राहतो, आणि गावात पगारदार माणूस म्हणून तो आमच्या अंगणात राहतो. "शिमग्याला येतो, तोवर बघा." ही प्रत्येकाच्या पायाला साडीच्या काठाची वेगळी चिंधी बांधते: हिरवी अमक्याची, जांभळी तमक्याची. तिकडे मालकाकडून उचल घेतलेली असते, ती फिटेपर्यंत माणसाचं स्वतःचं असं फार थोडं शिल्लक असतं. इकडे हा एक कोंबडा असतो, ज्याच्यावर कुणाचा आकडा लिहिलेला नाही. त्यामुळे त्याला सांभाळताना मी कुरकुर करत नाही. फार तर पहाटे करतो.

उन्हाळ्याच्या तोंडाला मानमोडी येते. तिला राणीखेत म्हणतात, उत्तराखंडातल्या त्या थंड हवेच्या गावाचं नाव तिला उगीच चिकटलंय. लस वेळेवर दिली तर वाचतात. एखादं घर राहून गेलं तर पाडाच्या पाडा दोन-चार दिवसांत गप्प होतो. ती कोंबडा-कोंबडी बघत नाही, बोललेला-मोकळा बघत नाही. अशा एका वर्षी जांभळ्या चिंधीवाला गेला. शिमग्याला त्याचा मालक आला तेव्हा हिने पायाला जांभळी चिंधी बांधून आमचा एक पुढे केला. माणसाने त्याला उचललं, उलटा-सुलटा बघितला, आणि म्हणाला, "वैनी, माझा एका डोळ्याने आंधळा होता." तरी घेऊन गेला. दोन्ही डोळ्यांनी बघणारा मिळाला म्हणून तक्रार कोण करील?

बाजाराचं एक राहिलं. आषाढात या रस्त्याला गाड्यांची रांग लागते. मुंबईची माणसं जव्हारचे धबधबे बघायला येतात, आणि त्यात गटारी जवळ आलेली. श्रावणाआधी एकदा गावठी झाला पाहिजे. मागच्या पावसाळ्यात अशीच एक गाडी आमच्या अंगणापाशी थांबली. नेमका तांबडा कुडावर उभा.

"गावठी आहे का?"

"गावठी आहे," मी म्हटलं, "पण विकायचा नाही."

हे वाक्य विक्रीच्या शास्त्रात फार प्रभावी असावं. त्या गृहस्थांनी लगेच भाव सांगितला. मी मान हलवली. त्यांनी शंभराने वाढवला. मी पुन्हा मान हलवली; त्यांना वाटलं, मास्तर कसलेला आहे. भाव हजाराच्या वर गेला तेव्हा मला जाणवलं की ही दारात येऊन उभी आहे आणि तिच्या नजरेत एक हिशेब सुरू झालाय. तेवढ्यात पडवीतून आईचा आवाज आला.

"बोललेला हाय तो."

"अरे, दुसऱ्याशी बोलणं झालंय का?" गृहस्थ म्हणाले. "तो किती देतोय, आजी?"

आई तांदूळ निवडत होती. तिने मान वर केली नाही. "पाऊस," ती म्हणाली.

गृहस्थ बराच वेळ माझ्याकडे बघत राहिले. मग गाडी पुढे गेली. नाल्याजवळ पुन्हा थांबली, पण तिथेही काही मिळालं नसणार, कारण तिथले पाच कोणाकोणाचे आहेत ते मला पाठ आहे. ही दिवसभर गप्प होती. संध्याकाळी गिरिराजाला उचलून माळ्यावर ठेवताना म्हणाली, "बदलीसाठी बोललेला ना तो? मग पाऊस कुठून आला मध्ये?"

आईला विचारलं. ती म्हणाली, "पावसासाठी पण बोलून ठेवलाय. एका कोंबड्यात दोन कामं होतात तर वेगळा कशाला?"

म्हणजे घरात काटकसर सुरू आहे.

परवा पुन्हा एक कोंबडी खुडूक झाली. आजीने येऊन वाटोळी अंडी निवडून दिली, कोंबडीला ताकीद दिली, आणि गेली. रात्री जेवताना मी विषय काढला की आता पुरे, या खेपेला निदान सगळ्या तलंगा निघाल्या तर बरं. ही माझ्याच मताची होती. आईही म्हणाली, "मी पण तेच बोलून आलेय गावदेवाला."

"काय बोललीस?"

"सगळ्या तलंगा निघू दे, तुला एक कोंबडा देईन."

"अगं, पण सगळे कोंबडे दिलेले आहेत. तो आणायचा कुठून?"

आईने माझ्या ताटात ब्रॉयलरचा रस्सा वाढला.

"यातूनच निघंल की एखादा," ती म्हणाली.